बाहुले बोलते तेव्हा

या वर्षीच्या व्याख्यानमालेसाठी विषय कळवावा, असे चालकांचे पत्र आले तेव्हा आम्ही ‘मोठ्या माणसांसाठी बाहुल्यांचा विनोद’ असा विषय कळविला. दोन दिवसांनी चालक स्वतः घरी आले. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, हळदीचा भाव निघाला, आणि मग जरा संकोचाने त्यांनी विचारले, “सर, विषय चांगलाच आहे, पण तो मुलांच्या उन्हाळी शिबिरात ठेवला तर कसे?” आम्ही म्हणालो, “मुलांना हे सांगण्याची गरज नाही. त्यांना बाहुल्याचे महत्त्व ठाऊक असते. विसरतो ते आपण.” चालक भले गृहस्थ, त्यांनी विषय मान्य केला. पण त्यांच्या मनात जी शंका आली ती आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आली असेल, म्हणून तिथूनच आरंभ करतो.

बाहुली म्हणजे पोराटोरांचा खेळ, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. खरे पाहता ती फार जुनी नाही. आपल्या मराठी भाषेच्या थोर ग्रंथात, ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, ज्ञानेश्वर महाराज स्वतःला लाकडी बाहुल्याची उपमा देतात. बाहुले जसे सूत्र हलविणाऱ्याच्या हालचालीने हलते, तसे आपले बोलणे आपल्या गुरूंनी बोलविले, असा त्यांचा भाव आहे. ही उपमा मुलांसाठी नव्हती. ऐकणाऱ्या प्रौढ श्रोत्यांनी सूत्रावरचे बाहुले पाहिलेले होते, म्हणून ती त्यांना कळली. सातशे वर्षांपूर्वी बाहुल्यांचा खेळ हा मोठ्यांच्या करमणुकीचा आणि विचाराचाही भाग होता, हे त्यावरून दिसते.

आजही कोकणात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी हे तिन्ही प्रकार जपून ठेवले आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा शहरातल्या अनेकांना ही कला जिवंत असल्याचे प्रथमच कळले. मराठी नाटकाचे जनक म्हणून आपण ज्यांना मान देतो ते विष्णुदास भावे १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करते झाले. त्यांनीही लाकडी बाहुल्या घडविल्या होत्या. रंगभूमीच्या पहिल्या माणसाला माणसांइतकाच बाहुल्यांचाही मोह पडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता विनोदाकडे वळू. आमच्या विषयाचा सर्वांत रंगतदार धागा महाराष्ट्राच्या बाहेर सापडतो, आणि तरीही तो मराठी आहे. आंध्रात ‘तोलुबोम्मलाट’ नावाचा चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आहे. कर्नाटकात त्यालाच ‘तोगलु गोंबेयाट’ म्हणतात. पांढऱ्या पडद्यामागे दिवा, दिवा आणि पडदा यांच्यामध्ये रंगविलेल्या पारदर्शक चामड्याची बाहुली, आणि पडद्यावर रामायण-महाभारत. हे खेळ करणाऱ्या घराण्यांपैकी पुष्कळांची घरची बोली मराठीची आहे. आंध्रात त्यांना आरे कापू म्हणतात, कर्नाटकात किळ्ळेक्यात. तमिळनाडूतही अशी मराठी बोलणारी घराणी आहेत. गावोगाव तेलुगूत आणि कन्नडात खेळ करणारी ही मंडळी घरी मराठीत बोलत राहिली. अनंतपूर भागातील निम्मलकुंटा गावच्या दळवाई चलपती राव यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आडनावावरूनच दळव्यांची आठवण व्हावी!

या खेळात देवादिकांच्या कथेच्या मध्येच एक जोडपे पडद्यावर घुसते. तेलुगू खेळात नवऱ्याचे नाव जुट्टु पोलिगाडू आणि बायकोचे बंगारक्का. कन्नड खेळात किळ्ळेक्यात आणि बंगारक्का. ही दोघे भांडतात, एकमेकांची लक्तरे काढतात, चावट बोलतात, गावातल्या घडामोडींवर टीका करतात, आणि रावणाच्या दरबाराला आणून गावच्या चावडीला भिडवितात. खेळ रात्रभर चालतो. पहाटे डोळे मिटू लागले की हे जोडपे लोकांना जागे करते. मुले तोवर झोपलेली असतात. म्हणजे हा विनोद मोठ्यांसाठीच असतो. वसमत जुन्या हैदराबाद राज्यात होते. १९५६ पर्यंत मराठी, तेलुगू आणि कानडी मुलूख एकाच छत्राखाली नांदत होते. तेव्हा या जोडप्याला परके मानण्याचे आपल्याला कारण नाही.

आता आपण शहरात येऊ. मराठी माणसाला ‘बोलके बाहुले’ म्हटले की एकच नाव आठवते : अर्धवटराव. या बाहुल्याने वयाची शंभरी ओलांडली आहे. यशवंत पाध्ये हे आपल्याकडील शब्दभ्रमाच्या कलेचे आद्य पुरुष. त्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या बाहुल्याला जन्म दिला. पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी १९६७ साली हा वारसा हाती घेतला. रामदास पाध्ये शिक्षणाने यंत्र-अभियंते. बाहुल्याच्या मानेतील दांडी, जबड्याची कळ, पापणीचा तार, ही सारी कारागिरी त्यांच्या हातात विद्येसह आली. त्यांच्या पत्नी अपर्णा पाध्ये आणि चिरंजीव सत्यजित हेही याच कलेत आहेत. एका घरातील तीन पिढ्यांनी एकाच बाहुल्याला बोलते ठेवावे, हे घराणेशाहीचे एक निरुपद्रवी उदाहरण होय.

अर्धवटराव या नावाकडे क्षणभर पाहा. ‘अर्धवट’ म्हणजे ज्याचे डोके पुरते ठिकाणावर नाही असा, आणि त्याला लावले ‘राव’. एका शब्दात तुच्छता आणि मान दोन्ही बसविले. अशा माणसाचे बोलणे मनावर घ्यायचे नसते. पण तो ‘राव’ असल्यामुळे ऐकून मात्र घ्यावे लागते. या दोन टोकांच्या मधल्या जागेतच तो बसला आहे. त्याच्या जोडीला आवडाबाई आली, आणि मग मराठी संसाराचे सगळे कोपरे हाताशी आले. नवऱ्याची फुशारकी, बायकोची चपराक, पाहुण्यांचा छळ, मंत्र्यांची आश्वासने, सारे काही त्या दोन लाकडी तोंडांतून बाहेर पडू लागले. किळ्ळेक्यात आणि बंगारक्का यांचे हे शहरी, सुशिक्षित भावंडच म्हणावे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या आरंभीच्या काळापासून रामदास पाध्ये आणि त्यांची बाहुली पडद्यावर दिसू लागली, आणि सभागृहातला अर्धवटराव घरात शिरला. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा याच घरातला. १९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ चित्रपटात तात्या विंचू आला. त्यात लक्ष्मीकांत बेर्डे यांनी शब्दभ्रमकाराचे काम केले होते, मरणाऱ्या गुंडाचे काम दिलीप प्रभावळकर यांनी, आणि गुंडाचा आत्मा ज्या बाहुल्यात शिरतो ते बाहुले पाध्यांच्या हातचे. मूळ कल्पना १९८८ सालच्या एका अमेरिकन भयपटाची. पण मराठीत येताच तिच्यातले भय निम्मे उरले आणि हसू दुप्पट झाले. पुढे हा चित्रपट दूरचित्रवाणीवर इतक्या वेळा लागला की एका पिढीला तो तोंडपाठ झाला.

येथे थोडे थांबून हे बाहुले बोलते कसे ते समजून घेऊ. पुष्कळांना वाटते की शब्दभ्रमकार आवाज ‘फेकतो’. आवाज कुणालाही फेकता येत नाही. आवाज निघतो त्याच्याच गळ्यातून. फसतात ते आपले डोळे. आपला कान आवाजाची जागा नेमकी सांगू शकत नाही, तो डोळ्यांचा सल्ला घेतो. दोन माणसे शेजारी बसली असतील आणि एकाचे ओठ हलत असतील, दुसऱ्याचे स्थिर असतील, तर आवाज पहिल्याचा असे आपले मन ठरवून टाकते. शब्दभ्रमकार एवढेच करतो की स्वतःचे ओठ स्थिर ठेवतो आणि बाहुल्याचा जबडा शब्दागणिक हलवितो. शिवाय बाहुल्याचा आवाज स्वतःच्या आवाजाहून पुष्कळ वेगळा काढतो आणि बाहुले बोलत असताना त्याच्याकडे लक्ष देऊन पाहतो. गावात एकजण आकाशाकडे पाहू लागला की दहाजण पाहतात. त्यातलाच हा प्रकार.

खरी अडचण ओठांची आहे. व्याकरणात आपण ज्यांना ओष्ठ्य वर्ण म्हणतो ते प, फ, ब, भ, म ओठ मिटल्यावाचून निघत नाहीत. आणि ‘व’लाही ओठ लागतो. मग तोंड किंचित उघडे, दात जवळ आणि ओठ स्थिर ठेवून हे वर्ण काढायचे कसे? युक्ती अशी की ओठांचे काम जिभेला द्यायचे. ‘प’च्या जागी ‘त’ला जवळचा ध्वनी, ‘ब’च्या जागी ‘द’ला जवळचा, ‘म’च्या जागी ‘न’ला जवळचा, आणि वाक्य इतक्या झोकात म्हणायचे की ऐकणाऱ्याने स्वतःच दुरुस्ती करून घ्यावी. ‘पापड’ ऐवजी बाहुले ‘तातड’ म्हणते आणि आपण ‘पापड’ ऐकतो.

आपण आता बसल्या जागी प्रयोग करून पाहा. ओठ न हलविता ‘नांदेड’ म्हणा. निघाले ना? ‘हळद’ म्हणा. तीही स्वच्छ निघते. ‘हिंगोली’ला ओठ जरा गोल होऊ पाहतात, पण मिटावे लागत नाहीत. आता ‘परभणी’ म्हणा. पहिल्याच अक्षराला अडखळलात, तिसऱ्याला पुन्हा. आणि ‘वसमत’? ‘व’ही ओठांचा आणि ‘म’ही ओठांचा! आपले गाव शब्दभ्रमकाराला अवघड आहे. नात्यांचीही तीच गत. बाप, मामा, भाऊ, बहीण, बायको, सारी नाती ओठ मिटायला लावतात. ‘आई’ मात्र बाहुल्यालाही सहज म्हणता येते. आणि गंमत अशी की ‘अर्धवटराव’ या नावात दोन वेळा ‘व’, तर ‘आवडाबाई’त ‘व’ आणि ‘ब’ दोन्ही. सोपी नावे सोडून ही नावे ज्याने घेतली त्याला आपल्या जिभेवर केवढा भरवसा असेल!

दूरचित्रवाणी आल्यावर या कलेचे काय झाले? पहिली गोष्ट अशी की कानाची फसवणूक सोपी झाली. घरातल्या संचात नायकाचा, खलनायकाचा आणि बाहुल्याचा आवाज एकाच कर्ण्यातून येतो; कोण बोलतो हे सर्वस्वी डोळेच ठरवितात. दुसरी गोष्ट त्याच्या उलट. कॅमेरा जवळ येतो, ओठ मोठे दिसतात, आणि सभागृहात शंभर फुटांवरून जी हालचाल दिसली नसती ती हाताच्या अंतरावर दिसते. त्यामुळे शब्दभ्रमकाराला अधिक कसून तयारी करावी लागली.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, आणि तिचे श्रेय अमेरिकेतील जिम हेन्सन या कलावंताला द्यावे लागते. बाहुल्यांच्या खेळात पूर्वी एक लहान रंगमंच असे, त्याच्या आड खेळ करणारे लपत. हेन्सनच्या ध्यानात आले की दूरचित्रवाणीच्या पडद्याची चौकट हाच रंगमंच आहे. मग आडोसा हवा कशाला? खेळ करणारे खाली उभे राहिले, हात वर करून बाहुले धरले, आणि समोर ठेवलेल्या लहान पडद्यात आपले बाहुले कसे दिसते ते पाहत काम करू लागले. कॅमेऱ्याने त्यांना चौकटीबाहेर ठेवले. बाहुले कठीण लाकडाऐवजी मऊ कापडाचे व फोमचे झाले, आणि हाताच्या बोटांनी त्याच्या चेहऱ्यावर भाव उमटू लागले. १९५५ साली त्याने घडविलेला बेडूक आईच्या जुन्या कोटाच्या कापडाचा होता आणि त्याचे डोळे म्हणजे पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्ध.

हेन्सनला एक सल होता : लोक आपल्याला केवळ मुलांचा माणूस समजतात. १९७५ च्या सुमारास त्याने मोठ्यांसाठी कार्यक्रम काढायचे ठरविले तेव्हा अमेरिकेतील मोठ्या वाहिन्यांनी तो घेतला नाही. अखेर ‘मपेट शो’ इंग्लंडमध्ये तयार झाला आणि १९७६ ते १९८१ पर्यंत जगभर गाजला. त्यात सज्जात बसणारे दोन म्हातारे आहेत. प्रत्येक प्रयोगाला येतात, प्रत्येक गोष्टीला नावे ठेवतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा हजर. आमच्या मते जगातील प्रत्येक व्याख्यानमालेने त्या दोघांसाठी दोन खुर्च्या राखून ठेवाव्यात. बहुधा त्या ठेवलेल्या असतातच.

येथवर आपण पाहिले ते बाहुले स्वतःचे एक व्यक्तिमत्त्व असलेले. अर्धवटराव हा कुणा पुढाऱ्याची नक्कल नव्हे. तो अर्धवटराव आहे, आणि पुढाऱ्यांविषयी बोलतो. १९८४ साली इंग्लंडमध्ये दुसरा प्रकार आला. पीटर फ्लक आणि रॉजर लॉ या दोन व्यंगशिल्पकारांनी प्रत्यक्ष पंतप्रधान, मंत्री आणि राजघराण्यातील मंडळी यांचीच बाहुली केली. मातीत व्यंगमूर्ती घडवायची, तिचा साचा काढायचा, साच्यात रबरी फोम ओतून चेहरा काढायचा, आत डोळे हलविण्याच्या तारा बसवायच्या. आणि आठवड्याच्या बातम्या पाहून संवाद लिहायचे. ‘स्पिटिंग इमेज’ या नावाचा हा कार्यक्रम १९९६ पर्यंत चालला. मार्गारेट थॅचर यांना त्यात पुरुषी सूट घातला होता. डेव्हिड स्टील नावाचे एका पक्षाचे नेते दुसऱ्या पक्षाच्या डेव्हिड ओवेन यांच्या खिशात बसलेले इवलेसे बाहुले म्हणून दाखविले जात. पुढे स्टील यांनीच कबूल केले की त्या खिशाने आपल्या प्रतिमेची हानी केली. विरोधकांच्या शंभर भाषणांनी जे झाले नसते ते एका खिशाने झाले.

हे लोण पसरले. फ्रान्समध्ये १९८८ पासून अशा रबरी बाहुल्यांच्या नित्य बातम्या सुरू झाल्या आणि तीस वर्षे चालल्या. केनियात २००९ साली व्यंगचित्रकार गाडो यांच्या पुढाकाराने ‘एक्सवायझेड शो’ आला. आपल्या देशात एनडीटीव्हीच्या हिंदी वाहिनीवर ‘गुस्ताखी माफ’ या नावाने नेत्यांची बाहुली बोलू लागली. त्याच्या नावातच सगळे शास्त्र आले आहे : आधी क्षमा मागायची आणि मग आगळीक करायची.

आता मुख्य प्रश्न. जी गोष्ट माणूस बोलला तर त्याच्यावर खटला होईल, निदान गावात बोलणे बंद होईल, तीच गोष्ट बाहुले बोलले तर लोक हसतात. असे का?

आम्हांला त्याची तीन कारणे दिसतात. पहिले असे की बाहुल्याला काही हवे नसते. त्याला बढती नको, निवडणुकीचे तिकीट नको, त्याची जमीन बांधाला लागून नाही, त्याच्या मुलीचे लग्न जमायचे नाही. माणूस टीका करतो तेव्हा आपण आधी विचारतो, “याचा यात काय फायदा?” बाहुल्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून त्याचे बोलणे सरळ आत जाते.

दुसरे कारण असे की बाहुल्याला शिक्षा तिथल्या तिथे मिळते. आपण नीट पाहिले असेल तर बोलक्या बाहुल्याच्या खेळाची घडण ठरलेली असते. बाहुले नको ते बोलते. त्याचा धनी ओशाळतो, त्याला दटावतो, प्रेक्षकांची क्षमा मागतो. बाहुले गप्प बसते आणि मग तेच पुन्हा, अधिक स्पष्टपणे, बोलते. सभ्यतेच्या वतीने जे रागवायचे ते धन्याने आधीच रागवून घेतलेले असते. प्रेक्षकाला रागवायला जागाच उरत नाही, त्याच्या वाट्याला हसू तेवढे येते. दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत हे सर्वांना ठाऊक असते, आणि ठाऊक नसल्याचे सोंग सर्वजण आनंदाने करतात. हा करार न लिहिलेला असतो, पण पक्का असतो.

तिसरे कारण आपल्या मातीतले आहे. सोंगाला बोलण्याचा परवाना देण्याची आपली रीत जुनी आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडात वेडी, महारीण, जोशी, गोंधळी अशी सोंगे घेतली आणि पोथीत सांगून जे कुणी ऐकले नसते ते सोंगाच्या तोंडून ऐकविले. तमाशातला सोंगाड्या राजाच्या तोंडावर राजाची खोड काढतो. संस्कृत नाटकातला विदूषकही त्याच कुळातला. बाहुले हे या परंपरेतले शेवटचे टोक : सोंग राहिले आणि सोंग घेणारे शरीरच नाहीसे झाले.

आमच्या अनुभवातील एक हकीकत सांगतो. गावाचे व शाळेचे नाव सांगत नाही. त्यातील काही मंडळी अजून आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात चित्रकलेच्या शिक्षकांनी जुन्या मोज्याचे बाहुले केले. दोन गुंड्यांचे डोळे, लाल चिंधीची जीभ. ते बाहुले टेबलामागून वर आले आणि त्याने पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना नमस्कार करून विचारले, “पाण्याच्या टाकीचे उद्घाटन तीन वर्षांपूर्वी झाले, तर टाकीत पाणी कधी येणार?” सगळे हसले. पाहुणेही हसले. शिक्षकांनी बाहुल्याला चापट मारली, तेव्हा ते म्हणाले, “मला मारून काय उपयोग? मी मोजा आहे. मला धुवायला तरी पाणी हवे ना?” त्यावर मंडप डोक्यावर घेतला गेला. महिन्याभरात टाकीत पाणी आले, हे खरे.

पण हकीकत इथे संपत नाही. पुढल्या वर्षी संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर सूचना निघाली : ‘यंदा बाहुल्याचा कार्यक्रम होणार नाही.’ शिक्षकांना कुणी काही बोलले नाही. त्यांनी त्या वर्षी देशभक्तिपर समूहगीत बसविले आणि त्यांचा सत्कारही झाला. बंदी आली ती मोज्यावर! आम्ही तेव्हा त्या शाळेत नोकरीला होतो. सूचना वाचून आम्ही हसलो आणि गप्प बसलो. ते गप्प बसणे आजही आम्हांला टोचते. बाहुल्याने आमच्या वतीने बोलावे, याला आमची हरकत नव्हती. त्याच्या वतीने बोलण्याची पाळी आली तेव्हा आमच्या जबड्याची कळ कुणी दाबली नाही.

मोठ्या जगातही असेच घडते. रशियात १९९४ पासून ‘कुक्ली’, म्हणजे बाहुल्या, या नावाचा कार्यक्रम एनटीव्ही या खासगी वाहिनीवर चालत असे. १९९५ साली त्यातील एका भागावरून सरकारी वकिलांनी फौजदारी चौकशी सुरू केली. ती पुढे सोडून द्यावी लागली. २००० साली पुतिन यांना एका जर्मन कथेतल्या बुटक्याच्या रूपात दाखविले तेव्हा प्रकरण तापले. त्यांचे बाहुले काढून टाकावे, असा दबाव आल्याचे कार्यक्रमाचे लेखक व्हिक्टर शेंदेरोविच यांनी नंतर सांगितले. तेव्हा त्यांनी बाहुले खरोखरच काढले, आणि त्या जागी बायबलातल्या कथेप्रमाणे जळते झुडूप दाखविले : ज्याचे रूप दाखवायचे नाही असा तो! लोक अधिकच हसले. परंतु २००१ साली वाहिनीची मालकी सरकारी वळणाच्या कंपनीकडे गेली आणि २००२ साली बाहुल्या कायमच्या पेटीत गेल्या. फ्रान्समध्ये पोलीस आले नाहीत, खटला झाला नाही. २०१५ नंतर वाहिनीच्या नव्या मालकाने वेळ आणि जागा बदलली, प्रेक्षक तुटले, आणि २०१८ साली कार्यक्रम संपला. बाहुल्याचा गळा दाबावा लागत नाही. त्याला धरणारा हात काढून घेतला की पुरते.

मराठीत अर्धवटरावाची परंपरा रुजली, पण नेत्यांच्या रबरी बाहुल्यांचा नित्य कार्यक्रम रुजला नाही. त्याला खर्चाचे कारण आहेच. प्रत्येक चेहऱ्याला शिल्पकार, साचा, हलविणारे हात आणि आवाज लागतो, आणि राजकारणात माणसे बदलतात तितक्या वेगाने साचे बदलता येत नाहीत. पण ज्या भाषेत व्यंगचित्रांची आणि वगनाट्यांची एवढी मोठी परंपरा आहे तिथे केवळ पैसा आड येतो, असे आम्हांला वाटत नाही. चिडण्याची आपली तयारी वाढली आहे आणि हसून घेण्याची कमी झाली आहे, हेही एक कारण असावे.

याची दुसरी बाजू मांडली नाही तर आम्ही अप्रामाणिक ठरू. बाहुल्याला दिलेला परवाना निर्भेळ चांगला नसतो. ‘बाहुले बोलले, मी नाही’ ही सबब भित्र्यालाही उपयोगी पडते. बाहुल्याच्या तोंडून दुबळ्याची, काळ्यासावळ्याची, तोतऱ्याची किंवा परजातीची टवाळी सहज करता येते, आणि जगात तशी पुष्कळ झाली आहे. तेव्हा कसोटी कोणती? आमच्या मते कसोटी एकच : बाहुले कुणाकडे मान वर करून बोलते? आपल्याहून उंच माणसाकडे मान वर करून बोलत असेल तर तो विनोद. खाली वाकून पायाखालच्याला टोचत असेल तर ती मस्करीही नव्हे, ती नुसती दांडगाई. बाहुले मुळात हातभर उंचीचे असते. त्याने वर पाहावे, यासाठीच ते लहान केलेले आहे. मोठ्यांचा विनोद म्हणजे चावट विनोद, एवढाच अर्थ काही कार्यक्रमांनी घेतला आहे. चावटपणाला आमचा विरोध नाही; बंगारक्काचा तर त्यात हातखंडा आहे. पण ती चावट बोलता बोलता गावचा हिशेब मागते. हिशेब वगळून उरलेला चावटपणा लवकर शिळा होतो.

शेवटी आपल्या गावाकडे येऊ. दूरचित्रवाणी आता एका घरात बसून सगळ्या गल्लीने पाहण्याची वस्तू राहिलेली नाही. ती प्रत्येकाच्या खिशात आहे. कॅमेराही खिशातच आहे. म्हणजे बाहुल्यांचा कार्यक्रम करण्यासाठी वाहिनीच्या मालकाची परवानगी लागत नाही. एक मोजा, दोन गुंड्या आणि लाल चिंधी एवढे साहित्य कोणत्याही घरात सापडेल. वसमतच्या बोलीत, मोंढ्याच्या आणि एसटी स्थानकाच्या भाषेत बोलणारे बाहुले कुणी तरुणाने किंवा तरुणीने केले तर आम्हांला फार आनंद होईल. ओठ न हलविता ‘वसमत’ म्हणता येईपर्यंत सराव करावा लागेल, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

आणि ते बाहुले एखाद्या दिवशी आपल्यालाच, पहिल्या रांगेतल्या आपल्यापैकी कुणाला, नको तो प्रश्न विचारील. तेव्हा हसावे, घरी जाऊन विचार करावा, आणि पुढल्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव राहू द्यावे. ते काढले गेलेच, तर निदान एकाने तरी उभे राहून विचारावे. एका प्रसंगी आम्ही ते विचारले नाही. म्हणूनच आज हे इतके बोललो.